चाकणचा किल्ला कोणत्या तारखेस पडला? : संगणकीय कालनिर्देशाचें परीक्षण

जुन्या कागदपत्रांच्या व हस्तलिखितांच्या याद्या पूर्वी वहींत होत असत. आतां त्या संगणकावर होऊं लागल्या आहेत. हा पालट इष्टच आहे. रुमालांतील शेंदोनशें कागदांतून हवा तो कागद क्षणांत सांपडावा, ही सोय कोणास नको आहे? परंतु ज्या रकान्यांत आपण कागदाची मिती भरतों, त्या रकान्याचा सांचा कोणीं पाडला, त्यांत काय मावतें व काय मावत नाहीं, याची विचारपूस संग्राहकांमध्यें फारशी झालेली दिसत नाहीं. म्हणून तारीख व वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचें, एखाद्या नव्या ग्रंथाचें करावें तसें, परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ग्रंथ रुक्ष खरा. पण त्याचा अंमल आज आपल्या प्रत्येक यादीवर चालतो.

हें प्रमाण ‘आय. एस. ओ. ८६०१’ या नांवानें ओळखिलें जातें. तें प्रथम १९८८ सालीं प्रसिद्ध झालें व २०१९ सालीं दोन भागांत नव्यानें निघालें. त्याचेंच एक आटोपशीर रूप संगणकांच्या परस्पर व्यवहारासाठीं २००२ सालीं ‘आर. एफ. सी. ३३३९’ या नांवाखालीं ठरविण्यांत आलें. त्याची रीत थोडक्यांत अशी : प्रथम वर्ष चार अंकांनीं, मग महिना दोन अंकांनीं, मग दिवस दोन अंकांनीं, मध्यें आडव्या रेघा. पुढें वेळ द्यावयाची असल्यास ‘टी’ हें अक्षर व चोवीस तासांच्या मोजणीनें तास, मिनिट, सेकंद; आणि शेवटीं ती वेळ जागतिक प्रमाणवेळेहून किती पुढें वा मागें, याचा आंकडा. आपल्या देशापुरता तो आंकडा अधिक ०५:३० असा असतो.

प्रथम गुणांचा निर्देश केला पाहिजे. तारखेच्या अवयवांचा क्रम लोकोलोकीं भिन्न आहे. जर्मन लोक दिवस, महिना, वर्ष असें लिहितात व मध्यें टिंबें देतात. अमेरिकन लोक महिना आधीं घालतात. जपानांत वर्षापासून आरंभ होतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यांत या तिन्ही देशांतील कंपन्यांचे कारखाने शेजारीं शेजारीं उभे आहेत. तेथें एखाद्या सुट्या भागाच्या पेटीवर ०३/०४/२०२४ असें छापलेलें असलें, तर ती ३ एप्रिल कीं ४ मार्च, हें पेटी कोणत्या देशाच्या रीतीनें भरली हें कळल्यावांचून सांगतां येणार नाहीं. नव्या प्रमाणानें २०२४-०४-०३ लिहितांच ही शंका उरत नाहीं. शिवाय थोरापासून धाकट्याकडे जाणाऱ्या या क्रमामुळें नोंदी केवळ अक्षरक्रमानें लावल्या तरी त्या कालक्रमानेंच लागतात. दिवस आधीं लिहिणाऱ्या यादींत मात्र सर्व वर्षांतल्या पहिल्या तारखा एकत्र येतात, मग दुसऱ्या येतात, आणि कालक्रमाचा बोजवारा उडतो.

हा क्रम आपणांस नवा नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. आपल्या धर्मकृत्यांतील संकल्प कल्प, मन्वंतर व युग यांपासून निघून संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि व वासर या क्रमानें उतरत येतो. सनदापत्रांतहि आधीं शक, मग संवत्सराचें नांव, मग मास, पक्ष, तिथि व वार, असाच क्रम आढळतो. उलट सुहूर सनाचे अरबी अंकशब्द एककापासून वर चढतात : ‘इहिदे सितैन अलफ’ म्हणजे एक, साठ व हजार मिळून १०६१. संस्कृत शिलालेखांतील व ग्रंथांतील शब्दांकहि असेच उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असतात. सारांश, आपल्या दफ्तरांत दोन्ही क्रम सुखानें नांदत होते. कारण वाचणाऱ्यास कोणता क्रम कोठें लागू, हें ठाऊक होतें. संगणकास तें ठाऊक नसतें. म्हणून एकच क्रम नेमून देणें, हें या प्रमाणाचें कार्य आम्ही स्तुत्य समजतों.

आतां दोषांकडे वळूं. क्रम ठरविणें ही लेखनाची बाब आहे. गणना ठरविणें ही कालशास्त्राची बाब आहे. हें प्रमाण वरवर पाहतां केवळ लेखनाचा नियम सांगतें. परंतु त्याच्या पोटांत एक गणना गृहीत धरलेली आहे, ती ग्रेगोरियन. ही गणना युरोपांत १५८२ सालीं सुरू झाली. त्यापूर्वींच्या तारखांस हें रूप वापरावयाचें तर देणाराघेणारांनीं आपसांत आधीं करार करावा, असें प्रमाणकर्ते स्वतःच सांगतात. १५८३ पासून पुढें मात्र जें लिहिलें तें ग्रेगोरियनच समजावयाचें. हा नियम यादी करणाराच्या नजरेंतून सुटला म्हणजे काय अनर्थ होतो, हें चाकणच्याच उदाहरणावरून दाखवितां येतें.

शाएस्तेखानानें चाकणच्या किल्ल्यास २१ जून १६६० रोजीं वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यानें तो नेटानें लढविला. १४ आगस्टास दुपारीं तीनच्या सुमारास सुरुंग उडाला व १५ आगस्टास किल्ला मोंगलांच्या हातीं गेला. दोन्ही टोंकें धरून हे ५६ दिवस होतात. जदुनाथ सरकारप्रभृति इतिहासकारांनीं दिलेल्या या तारखा जुन्या, म्हणजे ज्यूलियन गणनेच्या आहेत. कारण तत्कालीन इंग्रजी कागद त्याच गणनेचे असून शिवकालीन तारखा त्याच गणनेनें देण्याचा प्रघात पडला आहे. सतराव्या शतकांत दोन्ही गणनांत दहा दिवसांचें अंतर होतें. म्हणून ज्यूलियन १५ आगस्ट १६६० म्हणजे ग्रेगोरियन २५ आगस्ट १६६०.

यादीकारानें ग्रंथांतील तारीख उचलून रकान्यांत १६६०-०८-१५ अशी घातली, तर प्रमाणाच्या शब्दाप्रमाणें तिचा अर्थ ग्रेगोरियन १५ आगस्ट, म्हणजेच ज्यूलियन ५ आगस्ट, असा होतो. त्या दिवशीं चाकणचा किल्ला पडलेला नव्हता. फिरंगोजी तो झुंजवीतच होता. सुरुंग उडावयासहि अजून नऊ दिवस होते. किल्ला हातचा गेला तेव्हां शके १५८२ शार्वरी संवत्सराच्या श्रावणाचा वद्य पक्ष चालू होता. रकान्यांतली तारीख पडते ती शुद्ध पक्षांत. अंक ग्रंथांतलेच, क्रम प्रमाणांतलाच, आणि तरी नोंद खोटी. अशी खोटी नोंद शोधून काढणें फार कठीण, कारण ती दिसावयास ग्रंथाशीं अक्षरशः जुळते.

हा दोष पकडण्याचें जें साधन जुन्या संशोधकांच्या हातीं होतें, तें म्हणजे वार. तिथि व वार यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय कोणत्याहि पत्राची मिती पूर्वीचे अभ्यासक मान्य करीत नसत. शं. बा. दीक्षितांनीं रॉबर्ट सीवेल यांच्यासह १८९६ सालीं प्रसिद्ध केलेला पंचांगगणिताचा इंग्रजी ग्रंथ, किंवा स्वामिकन्नू पिल्ले यांची १९२२ सालची एफिमेरिस, यांचा उपयोग मुख्यतः याच कामीं होई. लोकमान्य टिळकांनीं प्रकाशांत आणलेल्या जेधे शकावलींत शिवजन्माची मिती शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, अशी आहे. तिची ज्यूलियन तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते व त्या दिवशीं शुक्रवारच पडतो. हीच तारीख १६३०-०२-१९ अशी संगणकास देऊन वार विचारला, तर तो मंगळवार सांगतो. शुक्रवार हवा असेल तर १६३०-०३-०१ लिहावें लागतें. चाकणचेंहि तसेंच : खऱ्या दिवशीं बुधवार होता, प्रमाणाप्रमाणें वाचलेल्या १५ आगस्टास रविवार येतो. यादींत मूळ वाराचा रकाना ठेवलेला असेल तर ही विसंगति डोळ्यांत भरेल. वारच गाळला, तर साक्षीदारच नाहींसा झाला.

युरोपीय कागदांच्या संग्राहकांनींहि स्वस्थ राहूं नये. पोर्तुगालनें नवी गणना १५८२ सालींच स्वीकारली. इंग्लंडनें ती १७५२ सालीं स्वीकारली व त्या वर्षीं २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर मानला. म्हणून शिवकालांत एकाच दिवशीं लिहिलेल्या गोव्याच्या व सुरतेच्या पत्रांवर दहा दिवसांच्या फरकाच्या तारखा असावयाच्या. शिवाय इंग्रजांचें वर्ष त्या काळीं २५ मार्चपासून पालटत असे; त्यामुळें १६६४ च्या जानेवारींतील सुरतेच्या लुटीची इंग्रजी पत्रें १६६३ या वर्षाचीं म्हणून लिहिलेलीं असूं शकतात. सांच्यांत अंक जसेच्या तसे भरले तर पत्र लुटीच्या आधीं एक वर्ष जाऊन बसेल.

वर्षारंभाच्या भेदाचा असाच सापळा खुद्द संगणकाच्या भाषेंतहि आहे. तारीख कोणत्या रूपांत दाखवावी, हें सांगण्यासाठीं तेथें अक्षरांच्या संज्ञा योजतात. त्यांत लाघव आहे. पण संज्ञा जवळजवळच्या असल्यानें घोटाळा होतो. जावा या संगणकभाषेंत धाकट्या ‘वाय’ अक्षराची चौकडी साधें वर्ष देते. मोठ्या ‘वाय’ अक्षराची चौकडी आठवड्यांच्या गणनेचें वर्ष देते. प्रमाणाप्रमाणें आठवडा सोमवारीं सुरू होतो व ज्या आठवड्यांत वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. त्यामुळें ३० डिसेंबर २०२४ हा दिवस आठवड्यांच्या गणनेनें २०२५ मध्यें जातो, आणि मोठें अक्षर पडलें तर डिसेंबराची तारीख एक वर्ष पुढें छापली जाते. चैत्रादि व कार्तिकादि वर्षांचा भेद ज्यांनीं कागदांत सोडविला आहे, त्यांस ही जात ओळखीची वाटेल.

तिसरी गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. तिथि ही दिवसाचें दुसरें नांव नव्हे. ती क्षय पावते, तिची वृद्धि होते. मासहि अधिक येतो. शके १९४५ म्हणजे इ. स. २०२३ मध्यें श्रावण दोनदां आला होता. अधिक कीं निज, शुद्ध कीं वद्य, हें सांगण्यास बारा महिने व एकतीस दिवस यांच्या सांच्यांत जागा नाहीं. नैयायिकांच्या भाषेंत ही अव्याप्ति होय. कोणी म्हणेल कीं, संगणकांत भारतीय शकगणनाहि उपलब्ध असते. असते खरी; पण ती भारत सरकारनें मेघनाद साहा यांच्या समितीच्या अहवालावरून २२ मार्च १९५७ पासून सुरू केलेली सौर गणना होय. तिचा चैत्र २२ मार्चास, लीप वर्षीं २१ मार्चास, सुरू होतो. तिला पक्ष नाहींत व तिथि नाहींत. नांवें तींच, म्हणून चाकणच्या श्रावणास त्या श्रावणांत बसविणें म्हणजे नांवावरून माणूस ओळखण्यासारखें आहे. शकांत सरसहा ७८ मिळविणेंहि तितकेंच धोक्याचें. शके १५५१ च्या फाल्गुनास ७८ मिळविल्यास १६२९ येतें. खरें वर्ष १६३०, कारण इंग्रजी वर्ष पालटून गेलेलें असतें.

वेळेच्या बाबतींतहि असेंच आहे. आपला वार सूर्योदयापासून चालतो, हिजरी दिवस सूर्यास्तापासून, संगणकाचा मध्यरात्रीपासून. रात्रीं लिहिलेल्या पत्राची तारीख यांपैकीं कोणत्या रीतीची, हें सांगितल्यावांचून ती अर्धीच राहते. वेळपट्ट्यांचा जो कोश बहुतेक संगणकांत वापरला जातो, त्यांत आपल्या देशास कलकत्त्याचें नांव आहे व जुन्या काळासाठीं कलकत्त्याचीच स्थानिक वेळ, अधिक ५ तास ५३ मिनिटें २८ सेकंद, घातलेली आहे. चाकणची स्थानिक वेळ रेखांशावरून सुमारें ४ तास ५५ मिनिटें येते. भारतीय प्रमाणवेळ तर १९०६ सालची. तेव्हां सुरुंग उडाल्याची तीनची वेळ या कोशांतून फिरविली, तर जवळजवळ एका तासाचा फरक पडेल. याहून वाईट म्हणजे, नुसती तारीख दिली असतां कांहीं प्रणाली तिला मध्यरात्रीची वेळ आपणच जोडतात व जागतिक वेळेंत फिरवितात. मग साडेपांच तास मागें जाऊन ती आदल्या दिवसाची १८:३० होते. जेथें वेळ कागदांत नाहीं, तेथें ती रकान्यांतहि नसावी.

आतां अपुऱ्या मित्यांचा प्रश्न. आपल्या दफ्तरांत पूर्ण मितीचे कागद थोडे. पुष्कळांवर ‘छ’ म्हणजे चंद्र, त्याचा आंकडा व मुसलमानी महिना एवढेंच असतें. साल मजकुरावरून बसवावें लागतें. चिंचवडच्या मोरया गोसाव्यांचा समाधि-उत्सव मार्गशीर्ष वद्य षष्ठीस होतो. तिथि परंपरेनें पक्की आहे, साल परंपरा शके १४८३ सांगते व त्याविषयीं मतभेद आहेत. येथें खालचे अवयव निश्चित व वरचा अवयव शंकित, अशी स्थिति आहे. सामान्य रकाना ती घेत नाहीं. तो पूर्ण तारीख मागतो. मग भरणारा काय करतो? एका खाजगी संग्रहाची यादी आमच्या पाहण्यांत आली. तींत शेंकडों कागद १ जानेवारीचे होते. ज्या कागदाचा दिवस कळला नाहीं, त्यास यादीकारानें हा दिवस देऊन टाकला होता. अज्ञान लपविण्यासाठीं कल्पिलेली ही तारीख उद्यां कोणी पुरावा म्हणून उद्धृत करील.

याबाबत प्रमाणकर्त्यांवर सर्व दोष ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. मूळ प्रमाणांतहि दिवस गाळून वर्ष व महिना, किंवा नुसतें वर्ष, लिहिण्याची मुभा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें पुढाकार घेऊन संशयित व अपुऱ्या तारखांसाठीं विस्तारित रूप तयार केलें, तें २०१९ च्या दुसऱ्या भागांत समाविष्ट झालें आहे. त्यांत तारखेपुढें प्रश्नचिन्ह घातलें म्हणजे ती शंकित. नागमोडी रेघ घातली म्हणजे ती अदमासाची. न कळलेल्या अंकाच्या जागीं ‘एक्स’ अक्षर. दोन तारखांमध्यें तिरकी रेघ दिली म्हणजे काळाचा पल्ला दाखवितां येतो. चाकणचा वेढा १६६०-०७-०१/१६६०-०८-२५ असा लिहितां येईल. संशय हा ज्ञानाचाच एक प्रकार आहे व तो लिहून ठेवण्यास चिन्ह पाहिजे, हें येथें मान्य झालें आहे. दुःख इतकेंच कीं, बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक यादी-प्रणालींत हें रूप भरण्याची सोय नसते. ज्या एक्सेलच्या तक्त्यांत पुष्कळ संग्राहक काम करतात, त्याची कालगणनाच १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. त्याआधींची तारीख त्याला तारीख वाटतच नाहीं, नुसतीं अक्षरें वाटतात. तींत १९०० सालीं नसलेला २९ फेब्रुवारीहि आहे. लोटस १-२-३ या आधींच्या प्रणालीशीं मेळ राहावा म्हणून तो ठेवला गेला.

येथें पूर्वपक्ष असा येईल : “एवढा खटाटोप कशासाठीं? मूळ कागद आहेच. शंका आली तर पाहतां येईल.” याचें उत्तर असें कीं, यादी एकदां झाली म्हणजे कागद कमी हाताळावा, हाच यादीचा एक हेतु असतो. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. कागद वाळवी व ओल यांच्या स्वाधीन आहे. पुढील पिढी यादीवरून शोध करणार, आणि संगणक त्या यादीवरून दुसऱ्या याद्या करणार. यादींतून जें गळलें तें इतिहासांतून गळलें, असें समजूनच काम केलें पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, मितीसाठीं एक रकाना नव्हे, चार रकाने ठेवावे. पहिल्यांत कागदावरील मिती जशीच्या तशी, संवत्सर व वार यांसह, देवनागरींत उतरावी. ती दुरुस्त करूं नये व पुरीहि करूं नये. दुसऱ्यांत गणना सांगावी : शालिवाहन, राज्याभिषेक, सुहूर, फसली, हिजरी, ज्यूलियन कीं ग्रेगोरियन. तिसऱ्यांत प्रमाणरूप तारीख घालावी. ती नेहमीं ग्रेगोरियन असावी, आणि शंका असेल तेथें शंकेचें चिन्ह असावें. चवथ्यांत रूपांतर कोणत्या जंत्रीवरून वा कोणत्या गणितानें केलें व कोणीं केलें, हें नमूद करावें. हस्तलिखितांच्या संहिता संगणकावर उतरविण्यासाठीं टेक्स्ट एनकोडिंग इनिशिएटिव्हनें जे संकेत घालून दिले आहेत, त्यांतहि मूळ मिती, तिची गणना व तिचें प्रमाणरूप हीं वेगवेगळीं ठेवण्याची तरतूद आहे. तेव्हां आम्ही कांहीं जगावेगळें मागत नाहीं. ज्यांच्या प्रणालींत तारखेचा एकच ताठर रकाना असेल, त्यांनीं मूळ मिती टीपेच्या रकान्यांत तरी घालावी, पण सोडूं नये.

एकंदरींत या प्रमाणाविषयीं आमचें मत असें : वर्तमान व्यवहारासाठीं तें उत्तम आहे. त्याचा क्रम निर्दोष असून चाकणच्या कारखान्यांतील पेट्यांचा वाद तें मिटवूं शकतें. परंतु चाकणच्या किल्ल्याचा काळ तें स्वतः सांगूं शकत नाहीं. तो आधीं कालशास्त्रानें ठरवून त्याच्या हवालीं करावा लागतो. लेखनाचा नियम व गणनेचा निर्णय हीं दोन भिन्न कामें आहेत. पहिलें संगणकाकडे खुशाल सोंपवावें. दुसरें पंचांग, वार व मूळ कागद हातीं धरून बसणाऱ्या माणसाचें आहे, आणि तें त्यानें सोडतां कामा नये.